बडीशेप बाळंतिणीला, तान्ह्याला नको

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावात मला बाळंतसुपारीवाली काकी म्हणूनच ओळखतात. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू आणि जेवणानंतरची सुपारी असं बाळंतिणीचं खाणं मी घरी करून देते. कुणाकडे आठवा महिना लागला की त्या घरातली आई नाहीतर सासू येऊन सांगून जाते, "काकी, म्हयन्याभरान लागतली हां सुपारी." आणि बाळ घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यातच फोन येतो, "काकी, झील रात्रभर रडता. बडीशेपेचा पाणी देव काय?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. बाळाला काही देऊ नको, तू चावून खा. पण फोनवर एवढंच सांगून समोरच्या आईचं समाधान होत नाही, कारण तिच्या मागे आजी उभी असते आणि आजीने स्वतःच्या चार मुलांना चमचा-चमचा ते पाणी पाजलेलं असतं. म्हणून बडीशेपेबद्दल मला जे ठाऊक आहे ते एकदा नीट लिहून काढते आहे. ही वस्तू माझ्या हातातून रोज जाते, माझा तिच्यावर जीव आहे, आणि म्हणूनच तिचा उपयोग कुठे थांबवायचा तेही सांगायला हवं असं मला वाटतं.

आमच्या मालवणी मसाल्यात बडीशेप असतेच. वैशाखात मिरच्या वाळत पडल्या की धणे, बडीशेप, दगडफूल, चक्रफूल, नागकेशर, खसखस असं एकेक भाजून मसाला डंकावर जातो. मसाल्यात बडीशेप थोडीच पडते, पण ती राहिली तर रविवारच्या कोंबडीच्या रश्श्याला तो गोडसर वास येत नाही, हे खाणाऱ्याला लगेच कळतं. इतकं आपलं वाटणारं हे पीक मात्र आपल्या जमिनीत होत नाही. मूळ भूमध्य समुद्राकाठचं हे झाड. त्याला थंड, कोरडा हिवाळा लागतो आणि फुलोऱ्यात दमट हवा सोसत नाही. आपल्याकडे येते ती गुजरात-राजस्थानातून. गुजरातमधली ऊंझाची बाजारपेठ जिऱ्याइतकीच बडीशेपेसाठीही मोठी मानतात. कुडाळच्या किंवा सावंतवाडीच्या दुकानात ती पोचेपर्यंत तिचा घाट उतरून झालेला असतो आणि काही महिनेही गेलेले असतात. म्हणूनच निवडून घ्यायला शिकावं लागतं.

दुकानात दोन प्रकार दिसतात. एक जाडी, पिवळसर हिरवी, पूर्ण भरलेल्या दाण्याची. ती मसाल्याला, काढ्याला आणि सुपारीला. दुसरी लखनवी म्हणतात ती बारीक, हिरवीगार. ही वेगळ्या झाडाची नसते. दाणा निम्मा भरलेला असतानाच तुरे खुडून सावलीत वाळवतात, म्हणून ती कोवळी, गोड आणि बिनचोथ्याची लागते. जेवणानंतर नुसती चघळायला ती छान. पण सगळ्यांना हिरवा रंग आवडतो म्हटल्यावर व्यापारात रंगही चढतो. मूठभर दाणे ओल्या पांढऱ्या फडक्यात घालून चोळून बघा, किंवा पेल्यात थोड्या पाण्यात टाकून पाच मिनिटं ठेवा. पाणी लगेच हिरवं झालं तर तो माल घेऊ नका. चांगल्या बडीशेपेचं पाणी हळूहळू फिकट पिवळट होतं. मी विकत घेताना दाणा दाताखाली चावून बघते. आधी गोड, मग जिभेवर किंचित थंडसर आणि शेवटी नाकात वास, असं झालं पाहिजे. नुसताच गवताचा चोथा लागला तर जुना माल.

तो वास म्हणजेच औषध, असं समजायला हरकत नाही. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर झाडाचं इवलंसं फळ. त्याच्या अंगावर ज्या उभ्या रेघा दिसतात त्यांच्या मधल्या खाचांखाली तेलाच्या अगदी बारीक नळ्या असतात. त्या तेलात सर्वांत जास्त असतं ॲनिथोल. चक्रफुलातही तेच असतं, म्हणून दोघांचा वास जवळचा. आतड्याच्या भिंतीतले स्नायू आखडले की पोटात मुरडा येतो, वारा अडकतो. हे तेल त्या स्नायूंना थोडं सैल करतं आणि वारा सरकायला वाट मिळते. ओवा, जिरं, धणे, शेपू ही सगळी याच कुळातली मंडळी आणि सगळ्यांचा स्वयंपाकघरातला मान याच कारणाने. ओवा त्यात तिखट, उष्ण, एकदम काम करणारा. बडीशेप मवाळ. ज्याला ओवा सोसत नाही, जळजळ होते, त्याला बडीशेप चालते.

नळ्या दाण्याच्या आत असल्यामुळे अख्खी बडीशेप पाण्यात टाकून उपयोग कमी. ती आयत्या वेळी खलबत्त्यात ठेचायची. पूड करून महिनाभर डब्यात ठेवली तर तेल उडून जातं आणि उरतो तो भुसा. माझी पद्धत अशी : एक सपाट चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम बडीशेप ठेचायची, कपात घालायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि लगेच बशी झाकायची. दहा-पंधरा मिनिटं तशीच. मग गाळून कोमट प्यायची. गॅसवर खळखळ उकळत ठेवली की घरभर सुवास सुटतो, शेजारीण विचारते काय करतेस म्हणून, पण तो सुवास कपात राहायला हवा होता. बशी उचलताना तिला खालून जे थेंब लागलेले असतात तेही कपात पाडा. साखर नको. फारच वाटलं तर खडीसाखरेचा एक खडा.

युरोपातली औषधांची सरकारी संस्था, युरोपियन मेडिसिन्स एजन्सी, तिच्या वनौषधी समितीने बडीशेपेवर सविस्तर लिहिलेलं आहे. मोठ्या माणसासाठी त्यांचं प्रमाण जवळपास आपल्या घरातल्यासारखंच : एका वेळी दीड ते अडीच ग्रॅम ठेचलेली बडीशेप, पाव लिटर उकळतं पाणी, १५ मिनिटं मुरवणं, दिवसातून तीन वेळा. त्यापुढचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर घेत राहू नका, डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे काढे वर्षानुवर्षं चालू राहतात. "रोज रात्री घेतो, बरं वाटतं," असं कुणी सांगितलं की मी विचारते, रोज रात्री पोट का दुखतं ते कुणाला दाखवलंत का?

आपल्या जेवणात तिची गरज कुठे पडते हे वेगळं सांगायला नको. काळ्या वाटाण्याची उसळ, चवळी, मे महिन्यात कच्च्या फणसाची भाजी आणि मग पिकलेले गरे, आणि पावसाळ्यात सगळ्यांचंच मंदावलेलं पोट. कोंबडी-वडे झाले की त्यावर सोलकढी आणि मग चिमूटभर भाजकी बडीशेप. मुंबईहून सुट्टीला आलेली मुलं गरे खाऊन दुपारी पोट धरून बसतात तेव्हा त्यांना मी काढा देत नाही, दाणे देते. बारीक चावायला लावते. चावण्यातच निम्मं काम होतं, तोंडाला पाणी सुटतं, जिवाला उसंत मिळते.

आता सुपारी. हिच्यात सुपारी नसते, हे नव्या सुनांना सांगावं लागतं. माझं प्रमाण पाव किलो जाडी बडीशेप, पाव किलो बाळंतशेपा, दोनशे ग्रॅम तीळ, शंभर ग्रॅम ओवा, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या आणि चवीला सैंधव. बाळंतशेपा म्हणजे शेपूच्या भाजीचं बी. दाणा चपटा, तपकिरी, कडेला फिकट किनार असलेला आणि चवीला थोडा कडसर. बडीशेपेचा आणि त्याचा घोळ करून चालत नाही, दोन्ही लागतात. बडीशेप, बाळंतशेपा आणि ओवा यांना वेगवेगळं सैंधव-हळदीचं पाणी आणि लिंबाचा रस चोळून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी फडक्यावर पसरून उन्हात वाळवायचं. मग लोखंडी कढईत मंद आचेवर एकेक भाजायचं. बडीशेप भाजताना घाई करू नये. रंग बदलायच्या आधी वास बदलतो, हिरवा वास जाऊन खमंग येतो, तिथेच उतरवायची. लाल होईपर्यंत थांबलं तर तेल गेलं आणि कडवटपणा आला. तीळ तडतडले की काढायचे. खोबरं किसून हलकं बदामी करायचं. सगळं थंड झाल्यावरच एकत्र करायचं, कारण गरम असताना बरणीत भरलं की वाफ धरते.

खोबरं मी घरच्या नारळाचं घेते, उन्हाळ्यात फोडून वाळवलेलं. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर मात्र खोबरं मिसळत नाही, वेगळ्या डबीत देते. खोबरं आठ-पंधरा दिवसांत खवट होतं आणि मग सगळीच सुपारी वाया जाते.

जेवण झाल्यावर चमचाभर, दोन्ही वेळा. बाळंतपणानंतर पोट जड असतं, चालणं-फिरणं कमी असतं, लाडू-तूप चालू असतं आणि शौचाला त्रास होतो. त्यात ही सुपारी हलकेच मदत करते. तिने दूध वाढतं असं सगळे म्हणतात. मी तसं सांगून सुपारी विकत नाही. दूध वाढतं ते बाळाने वारंवार ओढल्याने, आणि आईला पोटभर जेवण, पाणी आणि झोप मिळाल्याने. ज्या मुलीचं दूध कमी पडतंय तिला सुपारीचा आणखी एक डबा देण्यापेक्षा आशाताईंना बोलावून बाळ छातीला नीट लागतंय का ते बघून घ्या. नुसतं निप्पल तोंडात धरलं असेल तर बाळ दमतं, हवा गिळतं, रडतं, आणि घरातले म्हणतात दूध पुरत नाही.

तर ते रात्रभर रडणं. आधी हे मान्य करूया की ते ऐकवत नाही. पहिलटकरीण असेल तर तिच्याही डोळ्यांतून पाणी येत असतं. बाळ पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, तोंड लाल करतं आणि संध्याकाळी दिवेलागणीपासून ते मध्यरात्रीपर्यंत काही केल्या थांबत नाही. डॉक्टर याला कोलिक म्हणतात. दिवसातून तीन तासांच्या वर, आठवड्यातून तीन दिवसांच्या वर रडणं ही त्याची जुनी ओळख. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, दीड महिन्याच्या सुमारास सर्वांत वाढतं आणि तीन-चार महिन्यांचं बाळ झालं की आपोआप ओसरतं. हे 'आपोआप' फार महत्त्वाचं आहे. त्या महिन्यांत आपण जे काही पाजतो त्याला नंतर श्रेय मिळतं.

पूर्वी गुटी होती. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ यांचे ठरलेले वेढे उगाळून आईच्या दुधात कालवून चाटवायची. पुढे ग्राइप वॉटरची बाटली आली. ती मूळची १८५१ मधली, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांची. त्यांच्या जुन्या कृतीत शेपूचं तेल, खायचा सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं. म्हणजे इथल्या आजीला आणि तिथल्या औषधवाल्याला एकाच कुळातल्या झाडाची आठवण झाली. आजीची माया खोटी नव्हती आणि तिचं निरीक्षणही खोटं नव्हतं. बडीशेपेच्या तेलाचा तान्ह्या बाळांवर अभ्यासही झाला आहे. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तेलाचं मोजून केलेलं सौम्य मिश्रण दिलेल्या बाळांचं रडणं, नुसतं बिनऔषधी मिश्रण दिलेल्या बाळांपेक्षा जास्त कमी झालं. मग मी नको का म्हणते?

कारण ते मोजलेलं होतं, आणि आपल्या वाटीतलं पाणी मोजलेलं नसतं. एक आजी चार दाणे भिजवते, दुसरी मूठभर उकळते. त्याच तेलात एस्ट्रॅगोल नावाचं आणखी एक द्रव्य थोड्या प्रमाणात असतं. प्रयोगशाळेत उंदरांना ते भरपूर दिलं तेव्हा त्यांच्या यकृतात गाठी झाल्या. मोठ्या माणसाने कधीतरी कपभर काढा घेतला तर त्याची धास्ती बाळगण्याचं कारण नाही, पण तीन-चार किलोच्या जिवाचा हिशोब वेगळा असतो. म्हणूनच मघाशी सांगितलेल्या युरोपातल्या त्या समितीने चार वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचा चहा देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, साधं पाणीसुद्धा नको. बाळाचं पोट एवढंसं असतं. दोन-तीन चमचे पाणी गेलं की तेवढं दूध कमी ओढलं जातं. शिवाय पाणी, वाटी, चमचा, फडकं, यांतल्या कशातूनही जंतू जातात. पावसाळ्यात आमच्या विहिरींचं पाणी गढूळ होतं तेव्हा तर फारच. मध घालून चाटवणं त्याहून वाईट. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये, त्यातून एक दुर्मिळ पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

आईने खाल्लं तर बाळाला पोचत नाही का, असं एका हुशार मुलीने मला विचारलं होतं. थोडं पोचतं. म्हणून चमचाभर सुपारी ठीक, लिटरभर काढा नको. १९९४ साली इटलीतल्या डॉक्टरांनी दोन नवजात बाळांची हकीकत लिहिली आहे. त्यांच्या आया दूध वाढावं म्हणून ज्येष्ठमध, बडीशेप आणि आणखी काही वनस्पतींचा चहा दिवसाला दोन लिटरच्या वर पीत होत्या. बाळं सुस्त पडली, अंग सैल झालं, दूध ओढेनात. चहा बंद केल्यावर ती सावरली. त्या मिश्रणात दोष नेमका कुणाचा हे वेगळं काढता आलं नाही, पण 'झाडपाल्याचं आहे, कितीही चालतं' असं म्हणणाऱ्याला मी हीच हकीकत सांगते.

मग रडणाऱ्या बाळाचं करायचं काय? पाजून झालं की खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, एक आली नाही तर थोडं थांबून पुन्हा. कोमट हाताने बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलकेच चोळा. पाय धरून सायकल चालवल्यागत पोटाकडे न्या आणि सोडा. हातावर पालथं घेऊन ओसरीत फिरा. दिवा मंद करा, माणसं कमी करा. आणि आईला दोन तास झोपू द्या, बाळ दुसऱ्या कुणीतरी घ्या. बाळाला ताप असेल, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, पोट कडक फुगलं, दूध ओढायचं थांबलं किंवा रडणं एकदम वेगळंच, किंचाळल्यासारखं वाटलं, तर चोळत बसू नका. त्याच वेळी दवाखान्यात न्या, रात्र असो वा पाऊस.

चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना जेवणानंतर पाच-दहा दाणे चावायला द्यायला मला काही वाटत नाही. त्याहून लहानाला अख्खे दाणे देऊ नयेत, ठसका लागतो. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला काढा द्यायचाच तर पातळ, थोडा आणि एखाद-दोन दिवस. जत्रेत आणि हॉटेलात वाटीत ठेवतात ती रंगीत, साखरेची पुटं चढवलेली बडीशेप मी मुलांच्या हाती देत नाही. आत एक दाणा आणि बाहेर सगळी साखर आणि रंग. मधुमेह असलेल्या भावोजी-काकांनीही तिच्यापासून लांब राहावं. आणि जुलाब होत असतील तर बडीशेपेचा विचारही नको. तिथे मीठ-साखरेचं पाणी : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घरात ओआरएसची पुडी असेल तर तीच आधी.

गरोदरपणात भाजी-आमटीतली, जेवणानंतर चिमूटभर, एवढी बडीशेप सगळ्या जणी खातातच. पण काढा म्हणून, रोज, कपांनी घेऊ नका. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या, त्यावरची औषधं चालू असलेल्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण या तेलाचे गुण थोडे स्त्रीच्या संप्रेरकांसारखे असतात. ज्यांना गाजर, धणे, ओवा यांतल्या कशाने अंगावर पित्त उठतं त्यांनीही जपून. बाजारात बाटलीतलं बडीशेपेचं तेल मिळतं. ते पोटात घ्यायचं नाही, थेंबभरही नाही, आणि मुलांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. दाण्याचा मवाळपणा त्या बाटलीत राहिलेला नसतो.

आणि आता एक गोष्ट जी मला सर्वांत कळकळीने सांगायची आहे, तिचा बाळंतिणीशी संबंध नाही. आपल्याकडे छातीत भरून आलं की पुरुष माणसं म्हणतात, गॅस झालाय. गेल्या वर्षी चवथीच्या दिवसांत आमच्या वाडीतले एक भाऊ रात्री जेवून ओसरीवर बसले होते. वहिनी माझ्याकडे धावत आली, "काकी, वायच बडीशेप-ओवा दी गो, ह्यांका गॅस झालो." मी विचारलं घाम येतोय का. अंगातला सदरा भिजला होता. डावा हात जड वाटत होता, जबडा ओढत होता. बडीशेप नेली नाही, १०८ ला फोन लावला. आमच्या गावातून मोठ्या इस्पितळात पोचायला तासभर लागतो, तो तास त्यांना वेळेवर मिळाला. आज ते बागेत काम करतात. छातीत दाब, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, बायकांमध्ये नुसतीच मळमळ आणि कधी नव्हे असा थकवा, असं काही असेल तर स्वयंपाकघरात शिरू नका, फोनकडे जा. वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब असेल तर तर अजिबात थांबू नका. तो गॅसच निघाला तर डॉक्टर हसतील आणि घरी पाठवतील, एवढंच होईल.

तसंच महिनोन् महिने पोट फुगणं, वजन उतरणं, शौचातून रक्त, गिळताना अडकणं, यांना बडीशेपेखाली झाकू नका.

आता पावसाची तयारी, कारण मृग जवळ आला की हाच प्रश्न जास्त येतो. आपल्या जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि घरात मीठसुद्धा पाझरतं. वर्षाची बडीशेप एकदम भरून ठेवू नका. मसाल्याची गरज झाली की उरलेली दोन-तीन महिन्यांपुरतीच घ्या. वैशाखाच्या शेवटी एक दुपार कडक उन्हात द्या, पण पातळ फडकं वर टाकून, नाहीतर उन्हानेच तेल उडतं. पूर्ण गार होऊ द्या. काचेची बरणी, घट्ट फिरकीचं झाकण, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब. ओला चमचा घालू नका. दाण्यांची गुठळी झाली, कुबट वास आला किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर निवडून, धुऊन, भाजून वापरायचा मोह होतो. तो मोह टाळा. काही बुरशींचं विष भाजल्यानेही जात नाही. ओतून द्या.

भाजकी सुपारी श्रावणापर्यंत कुरकुरीत राहते. मऊ पडली तर कढई नुसती गरम करून, गॅस बंद करून त्यात दोन मिनिटं हलवायची. चवथीला मुंबईची माणसं यायच्या आधी एकदा बरणी उघडून दाणा चावून बघा. वास उतरला असेल तर शंभर ग्रॅम ताजी आणा, तेवढी पंचमीपर्यंतच्या पंगतींना पुरते.